तिसऱ्या मजल्याची तार

अकोल्याच्या माझ्या नव्या फ्लॅटमध्ये इंटरनेट जोडायला माणूस आला, तो चहासुद्धा न घेता गेला. भिंतीत पाइप तयार होता, पाइपात दोरी तयार होती. त्यानं काचेची ती बारीक तार वर ओढली, डबी बसवली, हिरवा दिवा लागला आणि "मॅडम, पाच स्टार द्याल" म्हणत तो लिफ्टमध्ये शिरला. मजल्यावरच्या एकाही दारातून कुणी डोकावलं नाही. कोण आलं, काय करून गेलं, कुणाला पत्ता नाही. मी त्याच्यासाठी ठेवलेलं चहाचं आधण उतरवलं आणि मला इंगळेकाकांची इतकी आठवण आली की ओट्याशीच उभी राहिले. अमरावतीच्या आमच्या बिल्डिंगमध्ये एवढ्याच कामाला अख्खा उन्हाळा लागला होता, आणि तो उन्हाळा काकांनी घालवला होता.

उत्तमराव इंगळे एसटीत कंट्रोलर होते. स्टँडवरच्या खिडकीमागे बसून कर्ण्यावरून गाड्या पुकारायच्या, ही त्यांची नोकरी. आमच्या बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर डाव्या हाताला त्यांचं बिऱ्हाड. एरवी बोलताना पक्के वऱ्हाडी, पण पुकारायला तोंड उघडलं की पुण्याच्या माणसानं मान खाली घालावी असं मराठी. ड्युटी संपवून घरी आले तरी ती सवय अंगातून उतरायची नाही. सकाळी जिन्याच्या तळाशी उभे राहून ते घसा खाकरायचे.

"रहिवाशांचे इकडे लक्ष असावे. नळाला पाणी आलेले आहे. दुसऱ्या मजल्यावरील वानखडे यांनी आपली मोटर त्वरित बंद करावी."

आणि वानखड्यांनी नाहीच ऐकलं की त्याच श्वासात, "अबे, बंद कर ना बे! सारं पानी तूच पेशीन काय?"

बिल्डिंगमधून बॅग घेऊन कुणी गावाला निघालं की काका त्याची गाडी पुकारायचे. पाहुणा असो की घरचा, फाटकाशी रिक्षा थांबली की ते बाहेर यायचे. पहिल्या मजल्यावरचे मास्तर बदली होऊन धारणीला निघाले, तेव्हा त्यांच्या बायकोचे डोळे सकाळपासून वाहत होते. काकांनी परतवाडा, सेमाडोह, हरिसाल असे सगळे थांबे एकेक करून घेतले आणि शेवटी "जंगलाचा रस्ता असल्याने वाघास प्रथम प्राधान्य द्यावे" अशी सूचना जोडली. ती बाई रडता रडता हसली आणि हसतच रिक्षात बसली. काका स्वतः या गावांना कधी गेले नव्हते. नोकरीभर दुसऱ्यांच्याच गाड्या पुकारल्या, असं काकू म्हणायच्या.

त्या वेळी आठ बिऱ्हाडांत फोन एकट्या काकांकडे होता. सगळ्यांचे निरोप तिथे यायचे आणि काका ते जिन्यात पुकारायचे. फोन कुणाचा, कुठून, कशासाठी, सगळं. यात आपण काही वावगं करतोय हे त्यांच्या गावीही नव्हतं. आलेली खबर प्रवाशांना सांगायची, आणि स्पष्ट सांगायची, एवढं त्यांना ठाऊक.

त्यातूनच तो घोटाळा झाला. मला अकोल्याचं एक स्थळ सांगून आलं होतं. मुलगा बँकेत, बघण्याचा कार्यक्रम होऊन गेलेला, आईनं मनातल्या मनात साड्यासुद्धा घेऊन टाकलेल्या. रविवारी दुपारी आम्ही जेवायला बसणार तेवढ्यात खालून आवाज आला.

"तिसरा मजला, उजवी बाजू, राऊत कुटुंबीयांनी लक्ष द्यावे. अकोल्याहून फोन आलेला होता. मुलाकडील मंडळींनी नकार कळविलेला आहे."

आठही दारं उघडली. आईनं आमचं दार लावून घेतलं आणि ताटावर तशीच बसून राहिली. मला, खरं सांगायचं तर, नकाराचं फारसं वाटलं नाही. तो मुलगा चहा बशीत ओतून फुर्रकन प्यायचा. पण आठ घरांना एकदम कळलं, याची लाज फार वाटली. संध्याकाळी काकूंनी काकांना वर पाठवलं. ते दारातच उभे राहिले, आत येईनात.

"वहिनी, चुकलं बाप्पा माहं," एवढंच म्हणाले. आणि मग माझ्याकडे वळून, "शोभा, तुह्या बाबतीत पुन्हा असं नाही होनार."

पुढच्या आठवड्यात त्यांनी तार टाकली. बिल्डरनं जिन्याच्या भिंतीत टेलिफोनसाठी म्हणून खालपासून वरपर्यंत एक उभा पाइप पुरून ठेवला होता आणि त्यात कधीच काही घातलं नव्हतं. काकांनी वरून शिसाचा गोळा बांधलेली सुतळी सोडली, सुतळीला बारीक लोखंडी तार बांधून ती खाली घेतली आणि मजल्यामजल्यावर बैलाच्या गळ्यातल्या पितळी घंट्या लावल्या. आता फोन आला की काका तार ओढायचे. एक ताण म्हणजे पहिला मजला, दोन म्हणजे दुसरा, तीन म्हणजे तिसरा. त्या मजल्यावरच्या कुणीतरी खाली जायचं, निरोप कानात घ्यायचा आणि ज्याचा असेल त्याला पोचवायचा. कुणाचा फोन आणि कशाचा, ते आता जिन्याला कळायचं बंद झालं. पुढे माझं लग्न काही झालं नाही, कॉलेजात नोकरी लागली, आणि मी आईसोबत त्याच घरात राहिले. पण ती तार माझ्यामुळे आली, याचा मला कायम थोडा अभिमान वाटायचा.

मग घरोघरी फोन आले, नंतर मोबाइल आले. एकेका मजल्यानं आपली घंटी काढून टाकली. तारेची दोनच टोकं तेवढी जिवंत राहिली. एक काकांच्या पलंगाशी आणि दुसरं बरोबर त्याच्या वर, तिसऱ्या मजल्यावर, आमच्या समोरच्या झुबेदा खालाच्या स्वयंपाकघरात.

खालाचे मियाँ परतवाड्याला लाकडाच्या धंद्यात होते. ते वारल्यावर ती एकटीच राहायची, गल्लीतल्या बायकांची ब्लाउजं शिवायची आणि माझ्या आईशी कढीपत्त्यावरून भांडायची. एका उन्हाळ्यात ती न्हाणीत पडली आणि दुपारपर्यंत तशीच पडून राहिली. मशीनचा आवाज कसा नाही म्हणून आईनं दार ठोठावलं तेव्हा कळलं. दवाखान्यातून परत आणल्यावर काका तिच्या खाटेशी जाऊन उभे राहिले.

"भाभी, आता रोज सकाळी दूध आलं की मी खालून दोन ताण देईन. तुमी वरून दोन द्याचे. नाही आले तं मी दार तोडतो."

"दरवाजा सागवान का है, इंगळे भाई," खाला म्हणाली. "तोडने के पहले एक बार और खींच के देखना."

त्यानंतर कितीतरी वर्षं आमची सकाळ त्या घंटीनं व्हायची. खालून दोन, वरून दोन. काकू गेल्या त्या दिवशीसुद्धा. त्या दिवशी मात्र आधी वरून वाजली आणि मग खालून उत्तर आलं. या दोघांना मी कधी गप्पा मारत बसलेलं पाहिलं नाही. ईदला शीरखुर्मा खाली जायचा, दिवाळीला चिवडा वर यायचा, आणि तोही दुसऱ्या कुणाच्या हातानं. मी एकदा म्हटलं, "काका, खालाजवळ मोबाइल आहे की. मिस कॉल द्यायला सांगा."

"मोबाइल वाजते तं वाजते. उशाखाली बी वाजते," काका म्हणाले. "तार ओढाले मानसाले उठा लागते."

इंटरनेटचं मात्र आमच्याकडे हसं होतं. गच्चीवरून सोडलेल्या वायरी बिल्डिंगच्या तोंडावर लोंबायच्या, त्यांना वानरं झोके घ्यायची, आणि जरा वारा सुटला की निम्म्या घरांचा संपर्क तुटायचा. वानखड्यांची पूजा पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करायची. तेच वानखडे, मोटरवाले. आता त्यांची एक बाजू लुळी पडली होती आणि पूजाशिवाय त्यांना उठवायला घरात कुणी नव्हतं. मीटिंगच्या मधोमध नेट जायचं आणि ती लॅपटॉप पोटाशी धरून गच्चीवर पळायची. शेवटी कंपनीनं तिला सांगितलं, नेट नीट करा नाहीतर पुण्याला या. बिल्डिंगची सभा झाली, फायबर घ्यायचं ठरलं. फायबरवाल्या कंपनीची अट एकच, की वायर बाहेरून लोंबणार नाही, जिन्यातल्या पाइपातूनच जाईल. सोसायटीचे सेक्रेटरी जन्मापासून काकाच. सही त्यांची हवी होती.

काकांनी नाही म्हटलं नाही. ते फक्त वेळ काढत राहिले. फायबरवाला मंगेश आला की त्याला आधी चहा, मग पोहे, मग धारणीच्या घाटात अडकलेल्या गाडीची गोष्ट. एकदा म्हणाले, पाइपात कबुतरानं अंडी घातली आहेत, पाप लागेल. मंगेश हसला, पण परत गेला. एका सकाळी पूजा कठड्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "काका, मले पुण्याले जा लागलं तं बाबाले कोन पाहीन?" काका तोंडातल्या तोंडात "पाहू ना पोरी" म्हणाले. पण त्या दिवशी त्यांनी पाण्याचं पुकारलं नाही.

पुढच्या खेपेला मंगेशनं चहा घेतलाच नाही. त्यानं गच्चीवरून पाइपात वायर ओढायची आपली लवचिक पट्टी घातली. ती दुसऱ्या मजल्यापाशी अडली. खालून घातली, तीही तिथंच. आत कधीतरी गिलावा पडून दगड झाला होता. त्यातून जायला एकाच गोष्टीला वाट होती, कारण ती रोज हलत राहिली होती.

"काका, तुमची तार गेली तशी आमची जाईन," मंगेश म्हणाला. "वरच्या टोकाले फायबर बांधतो. तुमी खालून ओढा. तुमची बाहेर येईन, आमची आत जाईन."

"आन् मंग माही पुन्हा टाकाची."

"जागा नाही राहत ना. आन् आतमंदी काच हाय काका. रोज सकाळी तुमची तार तिच्यावर घासली तं कापून टाकीन."

काका जिन्याकडे वळले. गुडघे पार गेलेले होते, कित्येक महिन्यांत ते जिना चढले नव्हते. पण त्या दिवशी ते कठडा धरून एकेक पायरी वर आले. मी आमच्या दारात उभी होते. मला त्यांनी पाहिलंच नाही. खालाच्या दारात टेकून त्यांनी आधी दम घेतला.

"भाभी, तार काढाची म्हनतात."

खालाच्या हातात अर्धवट शिवलेली बाही होती. तिनं सुई बाहीत टोचून ठेवली.

"तो निकाल दो."

"आन् सकाळचं?"

"हम दो बुड्ढों के वास्ते उस बच्ची को पूना भेजेंगे क्या?" ती म्हणाली. मग जिन्याकडे बोट केलं. "कठडा तो है ना. वो नीचे से ऊपर तक एकीच है. आप नीचे से ठोको, मैं ऊपर से ठोकेगी. उसको कौन उखाडता?"

काकांनी कठड्याकडे पाहिलं. एवढी वर्षं हाताखाली असलेलं ते लोखंड त्यांना त्या क्षणी पहिल्यांदा दिसलं असावं.

दुसऱ्या दिवशी काम झालं. मंगेश तिसऱ्या मजल्यावर तार कापायला लागला तेव्हा खाला म्हणाली, "ठैर बेटा, एक बार बजाने दे." तिनं दोन ताण दिले. खाली घंटी वाजली. थोडा वेळ गेला, आणि मग खालून दोन ताण आले. मग तिनंच आपली घंटी सोडवून घेतली. मंगेशनं तारेच्या टोकाला फायबर बांधलं, वर चिकटपट्टी गुंडाळली आणि खाली हाक मारली. काकांनी कुणाला हात लावू दिला नाही. स्वतः ओढली, सावकाश, हातावर हात घेत. तारेबरोबर गंज आला, पिसं आली, चुन्याचे खडे आले. शेवटी टोकाला काळी नवी वायर दिसली तशी काका थांबले. त्यांचे दोन्ही तळवे तांबडे झाले होते. त्यांनी तारेचं वेटोळं केलं आणि पलंगाशी, जिथे घंटी होती त्याच खिळ्याला अडकवलं.

संध्याकाळी पूजाकडे हिरवा दिवा लागला आणि तिनं सगळ्या बिल्डिंगला पेढे वाटले. माझ्या घरीही नेट इतकं वेगानं चालायला लागलं की काय पाहायचं ते सुचेना.

दुसऱ्या सकाळपासून कठडा वाजायला लागला. खालून काकांची किल्ली, दोनदा. वरून खालाची पळी, दोनदा. घंटीपेक्षा हा आवाज कर्कश होता, आणि सकाळच्या मीटिंगमध्ये तो थेट पुण्याला जायचा. तिथल्या साहेबानं विचारलं, तुमच्याकडे देऊळ आहे का. पूजा म्हणाली, "नाही सर, अटेंडन्स आहे." काकांना ऐकू कमी यायला लागलं होतं. त्यामुळे किल्ली वाजवून झाली की ते कठड्यावर तळहात पसरून उभे राहायचे. उत्तर त्यांना हातात कळायचं. कळलं की मान हलवायचे आणि दुधाची पिशवी उचलून आत जायचे.

पुढच्या हिवाळ्यात खालाचा पुतण्या आला आणि तिला बार्शीटाकळीला घेऊन गेला. एकटीनं राहायचं वय राहिलं नव्हतं. चूक काहीच नव्हती. फाटकाशी जीप लागली, मशीन चढलं, शिवणाचं गाठोडं चढलं. आम्ही सगळे काकांकडे पाहत होतो. बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला, बार्शीटाकळी; थांबे त्यांना झोपेत म्हणता आले असते. त्यांनी घसा खाकरला. खालानं जीपमध्ये बसल्या बसल्या पदर सावरला आणि ऐकायला मान पुढे केली. काका पुन्हा खाकरले, आणि मग नुसताच हात वर केला. जीप गेली. बिल्डिंगमधून न पुकारता गेलेली तेवढी एकच गाडी.

पूजानं दोघांचा व्हिडिओ कॉल जुळवून दिला. काका धुतलेला सदरा घालून बसले. पडद्यावर खाला आली, मागे कोंबड्या, पुतण्याची पोरं.

"कैसे हैं, भाई?"

"बरं हाय. तुमी?"

"अच्छी हूँ."

मग दोघं एकमेकांकडे पाहत बसले. नातंच दोन ताणांचं. त्यात बोलण्याची सवय कुणाला होती? पूजा मधूनच म्हणायची, "बोला ना काका." नेट अडकलं आणि खालाचं तोंड पडद्यावर एका बाजूला वळलेलं तसंच राहिलं. काका म्हणाले, "तब्येत दिसून राहिली चांगली," आणि त्यांनी फोन पूजाच्या हातात दिला. नंतर त्यांनी कॉल लावायला कधी सांगितलं नाही.

मग माझी आई गेली, माझी बदली अकोल्याला झाली आणि मी घर सोडायचं ठरवलं. सामानाचा टेंपो पुढे पाठवून मी सकाळी रिकाम्या घराला कुलूप लावत होते. समोर खालाचं सागवानी दार बंद. माझा डावा हात सहज कठड्यावर होता, आणि त्या हाताला अचानक दोन ठोके लागले.

ठोके रोजचेच होते. खाला गेल्यावरही काकांनी ते थांबवले नव्हते, हे सगळ्या बिल्डिंगला माहीत होतं आणि कुणी त्यावर बोलत नव्हतं. पण मी ते घरातून ऐकले होते, हातात कधी घेतले नव्हते. माझ्या उजव्या हातात कुलपाची किल्ली होती, आणि लोखंड वीतभर अंतरावर. वाजवावं असं फार फार वाटलं. खाली ते तळहात पसरून उभे असणार हे मला दिसत होतं. पण ते उत्तर देणं माझं काम नव्हतं. मी हात उचलून घेतला आणि बऱ्याच वेळानं खाली उतरले.

काका अजून तळाशीच होते. मी किल्ली त्यांच्या हवाली केली. नव्या भाडेकरूला तेच देणार होते.

"तू वरच होती," ते म्हणाले. "मले वाटलं, वाजवशीन."

"नाही वाजवलं, काका."

"बरं केलं." किल्ली खिशात टाकत म्हणाले, "वाजवलं असतं तं मले वर या लागलं असतं. पाहाले."

मी वाकून नमस्कार केला. ते फाटकापर्यंत आले, रिक्षात बॅग नीट बसली की नाही ते पाहिलं, आणि घसा खाकरला. आवाज चिरकलेला होता पण एकही अक्षर मऊ पडलं नाही.

"प्रवाशांचे इकडे लक्ष असावे. अमरावतीहून बडनेरा, मूर्तिजापूरमार्गे अकोल्याकडे जाणारी गाडी सुटत आहे. राऊत मॅडम यांनी आपले सामान सांभाळावे. अकोल्याच्या मंडळींनी त्यांना एकदा नकार दिलेला आहे, ती त्यांची चूक होती."

आठही दारं उघडली होती. मी हसले, आणि मास्तरांच्या बायकोसारखीच हसत हसत रडले.

रिक्षा वळली तेव्हा मी मागे पाहिलं. काका आत गेले होते. फाटकाच्या गजांतून जिन्याचा तळ तेवढा दिसत होता, आणि कठड्यावर पसरलेला त्यांचा हात. लेकराचा ताप पाहावा तसा त्यांनी तो लोखंडावर ठेवला होता, आणि रिक्षा कोपऱ्याआड जाईपर्यंत तो तिथून हलला नाही.